कमान न पाडता जीप बाहेर काढण्याबाबत

मी, बसवेश गुरुपाद मुगळे, वय अडुसष्ट, निवृत्त भूगोल शिक्षक, राहणार कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहा असे मला कोणी सांगितलेले नाही आणि लिहू नका असेही कोणी म्हटलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण आमच्या दोघांत आधी मी जाणार असे धरून चाललो होतो आणि मागचे सगळे माझी पत्नी रत्नव्वा बघणार होती. ती २००६ च्या चैत्रात गेली. त्यामुळे हे काम माझ्याकडे आले.

वकिलांनी थोडक्यात लिहायला सांगितले आहे. तसा प्रयत्न करतो. जीपचा मजकूर मात्र थोडक्यात बसत नाही.

कलम १. घर माझ्या वडिलांनी गुळाच्या व्यापारातून बांधले. त्याचे दोन भाग आहेत. एक माझा, एक माझे थोरले बंधू शिवशरण यांचा. त्यांना मी अण्णा म्हणतो, सगळी गल्लीही म्हणते. माझा भाग माझी एकुलती मुलगी शांभवी हिला द्यावा. मधले अंगण आणि रस्त्याकडची दगडी कमान दोघा भावांची सामाईक आहे. कमानीच्या माथ्यावर वडिलांचे नाव कोरलेले आहे. या कमानीबद्दल पुढे पुन्हा येईल.

कलम २. बँकेतील ठेवी, भांडी, रत्नव्वाचे दागिने हे सर्व शांभवीचे. यात वाद नाही.

कलम ३. जीप.

ही जीप आम्ही १९९२ साली एका लिलावात घेतली. तेव्हाच ती जुनी होती आणि तिला पत्र्याची बंद बॉडी होती. कागदावर नाव माझे असले तरी घेतली रत्नव्वाने. तिचे माहेर शिरोळकडचे. ती ट्रॅक्टर चालवत वाढलेली. मला सायकल आणि एसटी पुरत होती. मी वर्गात नकाशावर डोंगर दाखवायचो, ती म्हणायची, "दाखवताय एवढं, गेलाय का कधी?" मी गेलेलो नव्हतो.

माहेरच्या शेतवाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांनी दोन खोल चऱ्या पडलेल्या होत्या. जीप त्यात उतरली की चाके खाली जायची, पोट मधल्या उंचवट्यावर टेकायचे आणि चारही चाके जागच्या जागी फिरायची. मग तिचा भाऊ ट्रॅक्टर आणून ओढायचा आणि दरवेळी विचारायचा, "अक्का, ही जीप हाय का घोरपड?" दोन पावसाळे तिने हे ऐकून घेतले. तिसऱ्याच्या आधी म्हणाली, "चाकं मोठी घालायची."

१९९४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत सयाजी मिस्त्रीने कुठूनतरी चार मोठी चाके मिळवली. टायर नवेच म्हणावेत असे, खोल नक्षीचे. गॅरेजमध्ये गाडी पडून राहते म्हणून काम आमच्या अंगणातच करायचे असे रत्नव्वाने ठरवले. सयाजीने चाके बसवली. स्टिअरिंग फिरवले की टायर मडगार्डला घासत होते. त्याने मडगार्डची कड कापली. तरी घासत होते. मग स्प्रिंगांना जादा पाटे घालून जीप वर उचलली. रत्नव्वा म्हणाली, "अजून एक घाल." त्याने अजून एक घातला. मी टेप घेऊन चाकांची उंची मोजली, मडगार्डातली फट मोजली, जमिनीपासून पोट मोजले. सयाजीनेही मोजले. तिसऱ्या दिवशी जीप उभी राहिली तेव्हा अंगण तिला लहान पडल्यासारखे वाटले, इतकी ती उंच दिसत होती. आम्ही तिघेही खूश होतो.

रत्नव्वाने नारळ फोडला, चढून बसली आणि जीप कमानीकडे नेली. ठण्ण असा आवाज झाला.

कमान कोणीच मोजली नव्हती.

अण्णा त्यांच्या भागातून धावत आले. "अप्पांचं नाव! अप्पांच्या नावाला लागलं काय बघा आधी!"

नावाला काही झाले नव्हते. टपाला पोचा पडला होता. तो अजून आहे.

सयाजी म्हणाला, "जुनी चाकं घालू परत. बाहेर काढू, मग बघू."

"जुनी चाकं सकाळी ज्ञानूला दिली," रत्नव्वा म्हणाली. ज्ञानूचा उसाच्या रसाचा गाडा आहे.

"आणा की मागून."

"दिलेलं परत मागायची रीत न्हाय आमच्यात. आणि त्यानं बसवलीबी असतील." त्याने बसवली होती.

हवा सोडून पाहिली. तरी दोन बोटे अडत होती. रत्नव्वाने कमानीकडे बघितले. अण्णांनी ते बघणे बघितले. म्हणाले, "रत्नव्वा, सासऱ्याच्या नावाला पहार लावणार व्हय?"

"न्हाय, भावजी. मी नुसतं बघतीय."

एवढ्यात समोरच्या तानाबाई दुधाची किटली घेऊन आल्या. त्यांच्या चार म्हशी आहेत आणि तानाबाई स्वतःही अंगाने भरलेल्या आहेत. "काय गं अक्का, जीप घरातच वाढली व्हय?" असे म्हणून त्या दम खायला जीपच्या मागच्या फळीवर टेकल्या. मागची बाजू खाली गेली.

"तानाबाई, उठू नगंस!" रत्नव्वा ओरडली. "बस तशीच!"

मग तिने स्वयंपाकघरातून पितळी ताट आणि उलथने आणले आणि कमानीखाली उभी राहून वाजवले. गल्ली गोळा झाली. मागे सहा माणसे, फळीवर दोन, पुढे मी. शिंपीकाम करणारा गुंडूही धावत आला. तो अंगाने अगदी किरकोळ. तानाबाई म्हणाल्या, "गुंडू, तू बसला काय, न बसला काय!" तो परत गेला आणि आपली कोळशाची इस्त्री घेऊन आला. ती मांडीवर घेऊन बसला. जीप दबली, आणि रत्नव्वाने ती कमानीखालून एका बोटाच्या फटीने बाहेर काढली. बाहेर एवढा आरडाओरडा झाला की नाक्यावरचे लोक काय झाले ते बघायला आले. रत्नव्वाने सगळ्यांना नाक्यापर्यंत फिरवून आणले.

त्या दिवसापासून हीच पद्धत पडली. गल्ली अरुंद असल्याने जीप बाहेर ठेवता येत नाही. ठेवली तर म्हशींना वाट राहत नाही. त्यामुळे जायचे असले की ताट वाजायचे, लोक बसायचे, कमान ओलांडायची, नाक्यावर उतरायचे. परत येताना नाक्यावरून हॉर्न, की पुन्हा लोक हजर. चंदगडहून काजू, शिरोळहून ऊस, पन्हाळ्याहून काही नसले तरी वारा खाल्ल्याची गोष्ट, यातले काहीतरी बसणाऱ्यांना मिळायचे. गुंडू इस्त्रीशिवाय कधी बसला नाही. माहेरच्या वाटेवर पोट पुन्हा कधी टेकले नाही. तिच्या भावाला विनोद बदलावा लागला.

तिने मलाही जीप शिकवली. मोठ्या चाकांमुळे स्टिअरिंग जड आहे, गाडी हळू असताना तर फारच. घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की चाके मोठी झाल्यापासून मीटर कमी अंतर दाखवतो. आकडा सांगतो त्यापेक्षा ही जीप जास्त हिंडलेली आहे.

शांभवी कॉलेजात असताना एकदा म्हणाली, "अव्वा, गवंडी बोलावून कमान दोन थर उंच करून घेऊ. नावाचा दगड तसाच वर चढवता येईल. काकांचीही हरकत नसणार." बोलणे बरोबर होते. मीही मान हलवली.

रत्नव्वा म्हणाली, "मग तानाबाई कशाला येईल? दूध तर ती पहाटेच घालून जाते."

तो विषय तिथे संपला.

सबब, ही जीप मी शांभवीला देत आहे, पुढील अटींवर. चाके लहान करू नयेत. कमान पाडू नये, उंच करू नये, आणि जीपचे टपही कापू नये. जावयांनी पुण्याहून फोनवर हायड्रॉलिकचा काही उपाय सुचवला होता. त्यांचा हेतू चांगला आहे. तोही करू नये. जीप बाहेर काढायची तर माणसे बोलवावीत. मागे एका हॉटेलवाल्याने ही जीप दारात शोभेसाठी उभी करायला मागितली होती. त्याला देऊ नये. ती उभी करायची गाडी नाही.

कलम ४. जॅक, पायपंप, पाने आणि हातोड्या सयाजीला द्याव्यात. यातल्या निम्म्या त्याच्याच आहेत, असे तो म्हणतो. निम्म्या माझ्या आहेत, असे मी म्हणतो. आता सगळ्या त्याच्या झाल्यावर हा प्रश्न उरणार नाही. गुंडूला जीपच्या मागच्या बाकाची गादी द्यावी, नवी शिवून घालायची जबाबदारीही त्याचीच.

कलम ५. ज्ञानूच्या गाड्याची दोन चाके आणि त्याने घरी सांभाळून ठेवलेली दोन, ही चारही ज्ञानूची आहेत. ती कोणी परत मागू नयेत.

कलम ६. माझा राग.

माझा स्वभाव बोलण्याचा नाही, म्हणून हे लिहून ठेवतो. बारा वर्षे ही जीप गल्लीच्या वजनावर आत-बाहेर केली. माझे थोरले बंधू अण्णा तिच्यात एकदाही बसले नाहीत. दर वेळी कमानीच्या बाजूला उभे राहून, नावाच्या दगडाला हात लावून, "हळू, हळू, खरचटंल!" एवढेच म्हणत राहिले. रत्नव्वा दर वेळी विचारायची, "भावजी, येताय काय? जागा हाय." ते दर वेळी म्हणायचे, "मला काम हाय." काम नसायचे. तिने कधी वाईट वाटून घेतले नाही. मी घेतले. हा राग मी अण्णांच्या नावे ठेवत आहे. शांभवीने तो पुढे चालवू नये.

कलम ७. माझा अंत्यविधी.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून, खांद्यावरच्या सजवलेल्या विमानातून नेतात आणि पुरतात. रत्नव्वाला नेताना विमान कमानीशी आले आणि त्याचा कळस दगडाला अडला. खांदेकरी थांबले. अण्णा आत गेले आणि पहार घेऊन आले. म्हणाले, "पाडा. गेलं नाव तर गेलं." मी नको म्हणालो. त्या दिवशी मी बोललेला तेवढा एकच शब्द असेल.

तेव्हा तानाबाई डोळे पुसत पुढे आल्या आणि विमानाकडे बघून म्हणाल्या, "अक्का, आज पण अडकलीस की गं!"

आधी कोणीतरी हुंदका दिला, मग कोणीतरी हसले, आणि मग सगळेच हसू लागले, मीसुद्धा. खांद्यावर विमान असलेले चौघे हसत हसत गुडघ्यांत वाकले. बाकीचे आपोआप वाकले, जीपमध्ये दबायची सवय असल्यासारखे. एका बोटाच्या फटीने ती बाहेर गेली.

माझ्या वेळीही कमान पाडू नये. वाकावे. जागा शक्य झाल्यास तिच्या शेजारची असावी.

कलम ८. नोंदणी.

वकील म्हणाले, देणगी कागदावर लिहून पुरत नाही, घेणाऱ्याला वस्तू मिळाली पाहिजे. रत्नव्वा गेल्यापासून जीप अंगणातच आहे. लोक विचारतात, "मास्तर, जीप?" मी "बघू" म्हणतो. जीप चालवायला मला येते. हाक मारायला येत नाही. ते काम तिचे होते. पण जीप बाहेर निघाली नाही तर शांभवीला मी जीप दिली असे होणार नाही, एक पत्र्याची खोली दिली असे होईल. आणि मग ती कमान पाडेल. तिला दोष देता येणार नाही.

म्हणून उद्या, सोमवारी, हे मृत्युपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी जीपने जाणार आहे. शांभवी पुण्याहून आली आहे. सयाजीने बॅटरी चार्ज करून बसवली आहे. टायरमधली हवा कमी झाली आहे, ती कमान ओलांडेपर्यंत भरायची नाही असे ठरले आहे.

आज संध्याकाळी मी तानाबाईंच्या दारात गेलो. उद्या याल का, असे विचारले.

त्या म्हणाल्या, "मास्तर, दोन वर्षं कान लावून बसलोय आमी. आणि तुमी घरात येऊन विचारताय? ही रीत हाय व्हय? सकाळी ताट वाजवा. वाजलं तर येतो, न्हायतर न्हाय."

"मला ते जमणार नाही, तानाबाई."

"मग जीप राहू द्या आत. माझ्या म्हशीला गोठा कमी पडतोयच."

इथपर्यंत रविवारी लिहिले.

पुरवणी. सोमवार. ही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत आहे. वकिलांनी परवानगी दिली आहे.

सकाळी मी ताट आणि उलथने घेऊन कमानीखाली उभा राहिलो आणि वाजवले. कोणी आले नाही. पुन्हा वाजवले. अण्णांनी त्यांच्या खिडकीतून डोके बाहेर काढले. "बसवेश, ताट वाजवतोयस का पुसतोयस?"

मग मी जोरात वाजवले. इतके जोरात की ताटाला पोचा पडला. शांभवीने ते ताट नंतर माझ्या हातून काढून घेतले आणि स्वतः वाजवत राहिली, गरज नसताना.

कारण तोवर सगळे आलेच होते. तानाबाई, गुंडू आणि त्याची इस्त्री, ज्ञानू गाडा सोडून, सयाजी, शेजारच्या बनाबाई, त्यांचे दोघे मुलगे. रत्नव्वाच्या जागी स्टिअरिंगवर मी. शांभवी कमानीखाली अंतर बघायला. जीप एका झटक्यात सुरू झाली. मी कमानीपर्यंत नेली आणि थांबवली, कारण शांभवीने हात वर केला होता.

"अप्पा, लागतंय. बोटभर."

सयाजी उतरून बघून आला. "माणूस कमी हाय एक," तो म्हणाला.

कोण कमी होते ते सर्वांना माहीत होते. तिच्या जागेवर मी होतो, आणि माझी शेजारची जागा रिकामी होती. शांभवी बसायला निघाली, पण मग अंतर कोण बघणार? गुंडूने इस्त्री मांडीवरून काढून त्या रिकाम्या जागेवर ठेवून पाहिली. तानाबाई म्हणाल्या, "इस्त्री हिकडून तिकडं ठिवली म्हणून वजन वाढतंय व्हय रे?"

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अण्णा चप्पल घालून, टोपी घालून, बाहेर जायच्या कपड्यांत आले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते नावाच्या दगडाजवळ थांबले नाहीत. जीपच्या पुढच्या दाराशी आले आणि वर बघितले.

"केवढी उंच करून ठिवलीय," ते म्हणाले. "चढायचं कसं?"

ज्ञानू आणि सयाजीने दोन्ही बाजूंनी धरून चढवले. अण्णा शेजारी बसले. स्प्रिंगा दबल्याचा आवाज मला ऐकू आला. शांभवीने हात खाली केला.

कमानीखालून जाताना अण्णा "हळू" म्हणाले नाहीत. डोळे मिटून बसले होते. बाहेर आल्यावर विचारले, "गेली?"

"गेली, अण्णा."

"खरचटलं?"

"न्हाय!" मागून सगळे एकदम ओरडले.

नाक्यावर सगळे उतरले. सयाजीने तिथे हवा भरली, ज्ञानूने सर्वांना रस पाजला. अण्णा उतरले नाहीत. मी म्हणालो, "अण्णा, नाका आला."

"मग? निबंधकाचं ऑफिस नाक्यावर हाय व्हय?"

तानाबाईंना साक्षीदार म्हणून यायचेच होते. त्या मागे चढल्या आणि बाकी गल्लीला म्हणाल्या, "संध्याकाळी हॉर्न ऐका. आत बी घालायची हाय."

इथे आल्यावर वकिलांनी दुसरा साक्षीदार विचारला. अण्णा म्हणाले, मी. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. अण्णा म्हणाले, मला काय मिळतंय? वकिलांनी कलम सहा वाचून दाखवले. अण्णांनी ते पुरते ऐकून घेतले. मग माझ्याकडे न बघता जीपकडे बघत म्हणाले, "बरोबर लिहिलंय. तिनं दर वेळी विचारलं."

सबब, कलम ६ मी आज रद्द करत आहे. त्यामुळे माझ्या बंधूंना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही आणि ते साक्षीदार होण्यास पात्र आहेत. बाकी सर्व कलमे कायम. शांभवीने परतीला जीप चालवावी, मी मागे बसेन.

हे सर्व मी वाचून, समजून, आनंदाने लिहिले आहे.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ११ फेब्रुवारी २००८

लिहून देणार:
(सही) बसवेश गुरुपाद मुगळे

आमच्या देखत सही केली:

१. तानाबाई, म्हशीवाल्या, समोरच्या घरातील
(डाव्या हाताचा अंगठा)

२. (सही) शिवशरण गुरुपाद मुगळे
परत जाताना पुढची जागा माझी आहे. हेही नोंदवून घ्यावे.